बाबांचं कुंपण आणि मलिद्याचं बिल

तीर्थरूप मझलआत्या यांस एझराचा शालोम.

तुमचा गुडघा कसा आहे? वॉटफर्डला ऊन पडलं असेल तर बाहेर बसत जा, नसेल तर हीटर लावा आणि बिलाची काळजी करू नका. (ती करायला घराण्यात मी एकटा पुरेसा आहे.) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही माझं सगळं ऐकता, 'बरं' म्हणता आणि ठेवून देता. मग 'बरं' म्हणजे हो की नाही, या विचारात मी दिवसभर खोलीत येरझारा घालतो. म्हणून हा कागद. आधीच सांगतो, मला काही मागायचं नाही.

तुम्हाला आठवत असेल, बाबांचं मृत्युपत्र वाचताना लेव्हीसाहेबांनी (आपले सॉलिसिटर, ज्यांचं एक वाक्य संपेपर्यंत चहावर साय धरते) सांगितलं होतं, की वॉटफर्डची दोन दुकानं ट्रस्टमध्ये, तुम्ही ट्रस्टी, आणि भाडं जन्मभर एझराला. मी तिथेच उठलो. मला वाक्याच्या शेवटापर्यंत बसवत नाही, हे तुम्ही माझ्या लहानपणापासून बघताय. संध्याकाळपर्यंत मी एलियाहू हन्नाबीचे आभार मानायला त्याच्या नावाने मलिद्याचा विधी ठरवून, हॉल घेऊन, ओळखीच्या सगळ्या कुटुंबांना आमंत्रणं देऊनही मोकळा झालो होतो. पोहे, खोबरं, फळं, वर जेवण, सगळं कॅमडेनला डबे आणि जेवणाच्या ऑर्डरी करणाऱ्या धम्मशीलाकडे सोपवलं. तिच्या किचनमधली भांडी आपल्या धर्माच्या नियमात बसतात का ते तपासायला तुम्हीच गेला होतात, आणि तपासता तपासता चवीच्या नावाखाली दोन वाट्या मलिदा संपवून आलात. (मी कुणाकडे बोललो नाही.)

वाक्याचा उरलेला भाग मला फार उशिरा कळला. तो असा होता, की एझराने आपला हक्क गहाण टाकला, कुणाला लिहून दिला किंवा दिवाळं काढलं, तर तो हक्क तिथेच संपला. पुढे ट्रस्टीला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं. घेणेकरी दारात बसले तरी ट्रस्टला हात लावू शकणार नाहीत. बाबा आपल्या मुलाला चांगलेच ओळखून होते, हो! आलेल्या पहिल्या भाड्यातून मी माल वाहायची इलेक्ट्रिक सायकल घेतली (धंदा कुठला ते नंतर सुचणार होतं), आणि ती चोरीला गेली त्याच आठवड्यात धम्मशीलाने बिलाची आठवण करून दिली. मी ऐटीत म्हटलं, माझ्यामागे ट्रस्ट आहे. ती सरळ लेव्हीसाहेबांकडे गेली. ते म्हणाले, ट्रस्टमधल्या पैशावर तुमचा हक्क नाही, तो एझराच्या हातात पडला की मात्र मागू शकता. त्याच्या हातात पैसा टिकतो किती वेळ, असं तिने विचारलं.

हे मला फार लागलं. बाईने पहाटे उठून नारळ खवले आणि मी तिला ट्रस्टच्या गोष्टी सांगतोय! त्याच दिवशी मी लिहून सही केली, की बिल फिटेपर्यंत माझ्या भाड्यातला अर्धा भाग थेट धम्मशीलाला द्यावा. कागद स्वतः लेव्हीसाहेबांच्या ऑफिसात नेऊन दिला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी तो दोनदा वाचला आणि सांगितलं, की लिहून दिलंत, संपलं. आत्या, आयुष्यभर उधळपट्टी केली तेव्हा काही झालं नाही, आणि पहिल्यांदा माणसासारखा वागलो तर बाबांनी घातलेलं अटीचं कुंपण माझ्याच डोक्यात पडलं.

तेव्हापासून तुमच्या मर्जीवर आहे. तुम्ही खोलीचं भाडं परस्पर भरता, बस-ट्रेनच्या ऑयस्टर कार्डात पैसे टाकता, गरम बनियनांचं पार्सल पाठवता. उपकार आहेत, पण रोख दमडी नाही. बनियन मी धम्मशीलाला देऊ केले, तिने घेतले नाहीत. शेवटी मी रोज संध्याकाळी तिच्याकडे भांडी घासून बिल फेडायला लागलो. तिथे मी दोन-दोन तास एका जागी उभा असतो, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही वाटत नाही.

परवा लेव्हीसाहेब डबा न्यायला आले, तेव्हा तिने विचारलं, की आता ट्रस्टमधून मिळू शकतं तरी कुणाला? ते म्हणाले, एझराला, त्याच्या बायकोला आणि मुलांना. धम्मशीला डाळ ढवळायची थांबली.

"म्हणजे घेणेकरीण म्हणून मला काही नाही, आणि बायको झाले तर दार उघडं?"

उघडं नाही, ट्रस्टीबाईंनी उघडलं तर, असं लेव्हीसाहेबांनी दुरुस्त केलं आणि डबा घेऊन गेले. ती हसली. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून धड झोप नाही, धड बसणं नाही. असो. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा आज्ञाधारक (हा शब्द लेव्हीसाहेबांनी सुचवला),
एझरा

ता. क. मागायचं नाही म्हटलं होतं, पण लिहितालिहिता मत बदललं. धम्मशीलाचं बिल भरून टाका. माझं देणं फेडण्यात माझं भलं आहे असं तुम्हाला वाटलं तर तुम्ही फेडू शकता, तुम्हाला तसं करायला कुणी भाग मात्र पाडू शकत नाही, असं लेव्हीसाहेब म्हणतात. मला तिला लग्नाचं विचारायचं आहे. मध्ये बिल असताना विचारलं, तर तिला वाटेल मी देणं बुडवतोय, आणि लोकांना वाटेल ती वसुली करतेय. आत्या, मला ती हवी आहे. हे मी बसून लिहिलंय.

ता. क. २. तिकिटाला पैसे नाहीत, म्हणून पत्र पोस्टात टाकायला धम्मशीलाकडेच देतोय. काळजी नको, पाकीट नीट चिकटवलंय.

मझलआत्या, धम्मशीलाचा जय भीम. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. बिल मी मार्चमध्येच फाडून टाकलं. त्याला सांगितलं नाही, कारण मग रोज यायला त्याच्याकडे कारण उरलं नसतं, आणि थांबवून घ्यायला माझ्याकडे. त्या बिलाचे पैसे पाठवू नका. त्याला फोन करा, आणि या वेळी 'बरं' म्हणून ठेवू नका, 'विचार तिला' म्हणा. लग्नाचा मलिदा मीच करीन. त्याचे पैसे मात्र आगाऊ, आणि तुमच्याकडून.
धम्मशीला