पायलची भाकणूक

तीर्थरूप धुळाप्पामामांस,

जोतिरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडं सगळ्यांच्या तब्येती ठणठणीत आहेत, त्यामुळं दुःख भोगायला कुणालाच सवलत नाही.

मामा, माझं वाटोळं झालं. पायलची बारावी झाली. मी मेंढरं विकून सोलापुरात कारखान्याच्या गेटवर रखवालीला उभा राहिलो तो पोरगी पांढरा कोट घालून औषधाच्या दुकानात बसावी म्हणून. आणि ही म्हणते, मला मेंढरं पाळायची. (ऐकून मी जेवण सोडलं होतं, पण रविवारी मटण निघालं.) कुणीतरी सांगितलं, सात रस्त्याजवळ करिअर समुपदेशक मॅडम आहेत, पोरांचं पुढं काय ते सांगतात. पुढचं सांगतात म्हटल्यावर आपल्या माणसाच्या डोक्यात काय येणार? भाकणूकच, देव अंगात येऊन सांगतो ती. आणि भाकणूक काही एकट्यानं ऐकायची नसते. म्हणून आई (तुमचीच बहीण, हट्टही तुमचाच), चुलते, त्यांच्या सुना असे टमटम भरून गेलो. खुर्च्या दोनच. बाकीचे टोप्या, पदर सारखे करून खाली बसले.

पण मॅडम काही सांगेनातच, उलट त्याच विचारायला लागल्या. लहानपणची पहिली आठवण कोणती, तेव्हा कोण आवडायचं, आयुष्याच्या पुस्तकाला नाव काय देशील. मी म्हटलं, फार्मसी की मेंढरं, एवढं बोला. तर म्हणाल्या, उत्तर तयार नसतं, माणूस आपल्या जगण्याचा अर्थ स्वतःच जुळवत जातो. (मग तुम्ही कशाला, हे अगदी ओठांवर आलं होतं.) पायल मात्र बोलत सुटली. पावसात मेंढरांचा वाडा भिजला होता, आजोबांनी नुकतं जन्मलेलं कोकरू तिच्या घोंगड्यात दिलं आणि ते तिच्या अंगाच्या उबेनं जगलं.

तेव्हा मॅडम हळूच म्हणाल्या, "ही गोष्ट पायलची आहे. पुढचं पान तीच लिहील."

झालं! आईनं कनवटीचा भंडारा काढून मॅडमच्या डोक्यावर उधळला, सगळ्यांनी बिरोबाच्या नावानं चांगभलं केलं. मॅडम पिवळ्या, कॉम्प्युटर पिवळा. आई मला म्हणाली, "शबुद पडला की. आता मोडायचा न्हाय." आता घरात मी एकटा फार्मसीचा, बाकी सगळे बिरोबाचे. मामा, कुणाकडं दाद मागू?

आपला हताश भाचा,
जोतिराम

ता. क. : खरं काम पुढंच आहे. यंदा तुमच्या अंगात देव येईल तेव्हा पाऊसपाणी, पीकपाणी सांगून झाल्यावर 'पोरींनी औषधाचं शिकावं' एवढा शब्द पडला तर बरं होईल. देवावर जबरदस्ती नाही, पण तुमची ओळख आहे.

ता. क. दुसरा : निघताना मॅडमनी भंडारा झटकत माझीही पहिली आठवण विचारली होती. मलाही वाडाच आठवला, रडू आलं. देवाला काही सांगू नका. दोन गाभण मेंढ्या बघून ठेवा. पोरीला अजून मेंढी पारखता येत नाही, निवडायला मीच येतो.