फाटकाबाहेरची तुळस

आई, परवा तुझी तुळस काढली. आधी हे सांगून टाकते, कारण तू असतीस तर त्यापुढचं काही ऐकूनच घेतलं नसतंस. आपल्या गल्लीतली जुनी ड्रेनेज लाईन बदलायचं काम चाललंय. कॉलनी झाली तेव्हाचे ते भाजक्या मातीचे पाईप, जागोजाग फुटलेले. पावसाळा आला की शेजारच्या काकूंच्या न्हाणीतून घाण वर येते, हे तर तुझ्या देखतच सुरू झालं होतं. आता एकदाचे नवे पाईप आले, जेसीबीनं रस्ता उकरला आणि काम नेमकं आपल्या फाटकाशी येऊन अडलं. सुपरवायझर म्हणाला, "ताई, मागं एक चेंबर हाय, फुडं एक हाय. मधलंच गायब हाय." त्यानं इकडून टेप धरली, तिकडून धरली, आणि दोन्ही वेळा टेपचं टोक तुझ्या वृंदावनाला जाऊन टेकलं. मी हसलेच. म्हटलं, काहीतरीच काय सांगताय.

लोकांची तुळस दारासमोर असते, तुझी फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला. लहानपणी मला त्याचं नवल वाटायचं. मे महिन्यात मी मामाकडं वडगावला गेले होते, परत आले तर फाटकाबाहेर हे नवंकोरं वृंदावन उभं, सिमेंट अजून ओलसर, आणि तू कुणाशी धड बोलत नव्हतीस. मी विचारलं, हे कधी केलं, तर म्हणालीस, "नवस होता." कसला नवस, कुणाचा, काही नाही. मग एकदा मी त्याच्या कट्ट्यावर चढून पलीकडच्या मुलींना हाका मारत होते, तर पिठाच्या हातानंच पळत येऊन तू माझ्या थोबाडीत दिलीस. गालावर पीठ तसंच घेऊन मी दिवसभर फुगून बसले होते. अण्णांनी स्कूटर घेतली तेव्हा ती आत घ्यायला वृंदावन आडवं यायचं. ते म्हणाले, हातभर सरकवू. तू पोळी लाटता लाटता म्हणालीस, "सरकवा. मग जेवायला मेसला जावा." तो विषय तिथंच संपला. पुढं सगळ्या गल्लीचं तुळशीचं लग्न तिथंच लागायला लागलं. नव्या नवऱ्या तिथं पाया पडून घरात शिरायच्या. मीही सासरी निघताना पडलेय.

तर परवा पहार लागली. मी रोप मुळासकट काढून आधीच कुंडीत लावलं होतं, काळजी करू नकोस. कट्टा फुटला, खाली वाळू निघाली, वाळूखाली गंजून चाळण झालेला पत्रा, आणि पत्र्याखाली गोल लोखंडी झाकण. चेंबर. अगं, चप्पल घालून कुणाला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊ न देणारी बाई तू, आणि आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं गटाराला प्रदक्षिणा घातल्या? मला आधी हसू आलं, मग तुझी दया आली. वाटलं, गवंड्यानं भोळी बघून फसवलं तुला. अण्णा व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मी तिथनंच ओरडून सांगितलं, "अण्णा, बघितलं का, आईनं तुळस कुठं बांधली होती ते." मला वाटलं, तेही हसतील. ते उठून उभे राहिले, काठी न घेता, आणि म्हणाले, "ते झाकण उघडू नका. तितं माणूस गेलाय."

त्यांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं, तेव्हा थोडं थोडं करून बोलले. त्या मे महिन्यात लाईन तुंबली होती. गल्लीतल्या बाप्यांनी मिळून एक माणूस बोलावला. सांगावा अण्णांनीच धाडला होता, त्यांच्या एसटी डेपोतल्या कुणाच्या तरी ओळखीनं. तो आला, सदरा काढून आपल्या फाटकाला अडकवला आणि कमरेला दोर बांधून आत उतरला. आत वायू साठलेला. दोर हलायचा थांबला तरी वरच्यांना वाटलं, काम करतोय. "वर काढला तवा हलत न्हवता," अण्णा म्हणाले. "दवाखान्यापत्तुर बी न्हाय पोचला." सदरा फाटकावर तसाच राहिला होता, आणि तो न्यायला त्याची बायको आली तेव्हा पुरुषांपैकी कुणी बाहेर आलं नाही. तू गेलीस. तू तिला आत नेलंस, थेट स्वयंपाकघरात, आणि दार लोटून घेतलंस. आत काय बोललात ते अण्णांना आजवर माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तू स्वतः जाऊन गवंडी आणलास. अण्णा म्हणाले, "मी इचारलं, हे काय मांडलंयस. तर म्हणली, चेंबर परत तुंबंल आन् तुमी परत कुणाला तरी उतरवाल. आता तुळस फोडून उतरवा."

आई, मी पायरीवरच बसले. अण्णांकडं बघवेना आणि तुझा तर इतका राग आला की समोर असतीस तर भांडले असते. मी मोठी झाले, माझं लग्न झालं, लेकरं झाली, तुझ्या शेवटच्या आजारपणात तुझ्या उशाशी रात्री काढल्या. एका शब्दानं सांगितलं नाहीस. मी तुला देवभोळी समजत राहिले, चारचौघांत त्यावरून तुझी चेष्टा केली, आणि तूही हसायचीस गं. आता एकेक आठवतंय. एकादशीला शेंगदाण्याच्या कुटाबरोबर भाकरीचा तुकडा खुशाल तोंडात टाकायचीस. देवळात तू कधी आपणहून गेली नाहीस. फक्त फाटकाबाहेर दिवा लावायला चुकली नाहीस, तापातसुद्धा.

काकू ऐकत होत्या. कंपाउंडच्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, "आमाला समद्यांस्नी ठावं व्हतं." मी म्हटलं, "काकू, घाण तुमच्या न्हाणीत येत होती. तुम्ही वर्षानुवर्षं उपसत बसलात, वृंदावन काढा म्हणून एकदा तरी म्हणायचं." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "कुठल्या तोंडानं म्हणू बाई? दोर आमच्याच घरातला व्हता." ज्या गल्लीत मी वाढले, जिथल्या प्रत्येक घरात जेवले, तिथली सगळी थोरली माणसं दर कार्तिकात त्या झाकणावर अक्षता टाकत होती आणि सगळ्यांना ठाऊक होतं. मला अजूनही हे खरं वाटत नाही.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. एवढं सगळं होईस्तोवर बाहेर झाकण उघडलेलं, आणि सुपरवायझरचा एक माणूस सदरा काढत होता. माझ्याएवढाच असेल वयानं, कानावरचे केस पिकलेले. कमरेला दोर. मी धावत गेले. म्हटलं, हे काय चाललंय, याला कायद्यानं बंदी आहे. सुपरवायझर अगदी गोडीत म्हणाला, "ताई, कायदा हाय, पर गाडी न्हाय. उपसायची गाडी इंदापूरला गेलीया, उद्या येती का परवा, सांगता येत न्हाय. दोन-चार विटा आडकल्यात, हा आत्ता काढतोय." मी त्या माणसाकडं बघितलं. तो म्हणाला, "व्हतंय वो ताई. रोजचंच हाय." आणि सदरा अडकवायला त्यानं आपल्या फाटकाकडं हात केला. मला काय झालं कोण जाणे. मी ते झाकण पायानं ढकलून परत भोकावर घेतलं आणि त्यावर फतकल मारून बसले. नेसूच्या चांगल्या साडीत. सुपरवायझर म्हणाला, ताई उठा, लोक बघत्यात. मी म्हटलं, "बघू देत. गाडी आली की उठते."

वास असा होता आई, की डोळ्यांतून पाणी येत होतं. थोड्या वेळानं काकू आल्या, गुडघ्यांवर हात ठेवत माझ्या शेजारी टेकल्या. मग समोरची सून खुर्ची घेऊन आली. शेवटी अण्णा आले. ते बसले नाहीत, काठी टेकून नुसते माझ्यामागं उभे राहिले, आणि सुपरवायझर पुन्हा तोंड उघडायला लागला तसे म्हणाले, "न्हाय म्हंजी न्हाय." ऊन उतरलं तेव्हा गाडी आली. मघाशी ती उद्यावर होती, बघ. नळी आत गेली, मशिनीनं सगळं ओढून घेतलं, विटा निघाल्या, पाईपचे तुकडे निघाले, आणि माणूस एकही आत गेला नाही. काल नवा पाईप बसला. काकूंची न्हाणी कोरडी आहे.

अण्णांशी मी अजून नीट बोललेले नाही. त्यांना जेवायला वाढते आणि उठून जाते. एकच विचारलं, त्या माणसाचं नाव काय होतं. त्यांना माहीत नाही. काकूंनाही नाही, गल्लीत कुणालाच नाही. तुला माहीत असणार. दिवा लावताना तुझे ओठ हलायचे, मला वाटायचं श्लोक म्हणतेस. पण ते फार थोडा वेळ हलायचे, श्लोकाला पुरतील एवढेसुद्धा नाहीत. ते मी लहानपणी जवळ येऊन ऐकलं असतं तर आज कुणाला तरी सांगता आलं असतं.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, कपाटात तुझ्या साड्यांखाली राहील. फक्त एक तुला सांगायचं राहिलंय. गाडीची वाट बघेपर्यंत तो सदरा काढलेला माणूस माझ्या समोरच पाईपवर बसून होता. त्याला दोनदा चहा दिला, घरचे लाडू दिले, सारखी दादा दादा म्हणत होते. जाताना "येतो ताई" म्हणून गेला. आज सकाळी तुला हे लिहायला बसले, त्याचं नाव लिहावं म्हणून पेन टेकवलं, आणि तसंच राहिलं. बाहेर जाऊन बघितलं तर खड्डा बुजवून सगळे पुढच्या कामावर गेले होते. मीही विचारलं नव्हतं.