मजेत असल्याचा पुरावा

प्रिय दादा,

माणूस मजेत असतो म्हणजे नेमका कसा असतो? घरातली पहिली पदवीधर असूनही मला ते सांगता येत नाही, आणि काल तर ते भर कोर्टात विचारलं गेलं.

घरमालकाने आपल्याला घराबाहेर काढायला दावा लावलाय, तोही तुझ्यावर, कारण भाडेकरू म्हणून नाव तुझंच आहे. कर्तव्यावरच्या सैनिकाला हजर राहता येत नसेल तर दावा थांबवावा, असा कायदा आहे. म्हणून तू कर्तव्यावर असल्याचा पुरावा म्हणून मी मोठ्या हौसेने आईला आलेलं तुझं पत्र जोडलं.

मालकाच्या वकिलांनी ते खणखणीत आवाजात वाचलं. "'मी इथे मजेत आहे. फारसं काम नसतं.' मग तारखेला यायला काय झालं?"

मागून आई ओरडली, "अहो, झाडावरून पडून हात मोडला तेव्हाही तो मजेतच होता!"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, सैनिकाने आईला लिहिलेलं 'मजेत' ही कबुली धरता येणार नाही. माझा मुलगाही वसतिगृहातून तेच लिहितो. परवा कळलं, त्याला गोवर झालाय."

तू परत येईपर्यंत दावा थांबला. घर राहिलं.

आई म्हणते, तुला यातलं एक अक्षरही कळवायचं नाही, उगाच जिवाला घोर लावून घेशील. खोटं लिहू नये म्हणून मी हे सगळं खरं लिहिलंय, पण हे पत्र तुला न पाठवता दाव्याच्या कागदांतच ठेवणार आहे.

तुला मघाशीच कार्ड टाकून आले: "आम्ही सगळे इथे मजेत आहोत."

तुझी दीडशहाणी,
आता पदवीसह