धुळीची मर्यादा

२६ एप्रिल, अकोला
प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. अकरा दीर्घिकांचा, म्हणजे दूरच्या आकाशगंगांचा, प्रकाश मॉडेलात घालून त्यांचं वय काढायचं, बस. आज सगळे आलेख शेजारी शेजारी लावले. अकराच्या अकरा दीर्घिका मॉडेलातल्या धुळीच्या कमाल मर्यादेला चिकटून बसल्यात. एखादी चिकटली तर समजू शकते. सगळ्या?
आईनं जेवायला बोलावलं तर तिच्यावरच खेकसले.

२७ एप्रिल
दीर्घिका लाल दिसते ती दोन कारणांनी. तारे म्हातारे, नाहीतर मधे धूळ. धूळ वाढवायची मुभाच नसेल तर प्रोग्राम बिचारा वय वाढवतो. म्हणजे मी ज्यांना म्हाताऱ्या ठरवलं त्या कदाचित अजून मजेत तारे घडवून राहिल्या.
मर्यादेचा आकडा माझ्या मार्गदर्शक सरांच्या जुन्या फाइलीतून उचललेला. सहा वर्षं वापरला, कधी विचारलं नाही की हाच कावून, दुसरा का नाही. माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर त्याची बिनपाण्यानं केली असती.
सरांचा गाजलेला शोधनिबंध याच आकड्यावर उभा. माझा प्रबंधही. ३१ मे शेवटची तारीख, नंतर नोंदणी रद्द.

३० एप्रिल
आईला सगळं सांगितलं. ती म्हणे, "कोनाले समजनार हाय वं? तिथं जाऊन कोन मोजनार?" बरोबर आहे तिचं. म्हणूनच राग आला.

३ मे, अमरावती
सरांकडे. काकूंनी कैरीचं पन्हं दिलं. आलेख पुढे ठेवले. सरांनी चष्मा पुसला, परत पाहिलं. हा आकडा कुठून घेतला, मी विचारलं. वाटलं, एखादा संदर्भ सांगतील.
"तेव्हा विभागात दुपारी लाइन जायची. मर्यादा मोठी ठेवली की गणित संपायच्या आत कॉम्प्युटर बंद. म्हणून कमी केली. नंतर वाढवू म्हटलं."
नंतर राहूनच गेलं.
मी हसले. हसायला नको होतं. सर उठून आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. फाटकापर्यंत काकू आल्या.
परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. नोकरी करणाऱ्या, चाळिशीतल्या बाईला कोणी मार्गदर्शक मिळत नव्हता तेव्हा याच माणसानं घेतलं होतं.

९ मे
सरांचा फोन नाही. जुन्याच आकड्यावर प्रबंध देऊन खाली तळटीप टाकावी? लिहून पाहिली. दोन ओळींत तीनदा 'कदाचित'. खोडली.
मर्यादा मोकळी करून सकाळी गणित लावलं. एका दीर्घिकेला दोन दिवस. अकरा दुणे बावीस. बरोब्बर ३१. मग लिहायचं कधी, ते देवाला माहीत.

११ मे
सर दारात. न कळवता, भर उन्हात, एसटीनं. पाणीही न पिता बसले. माझ्याशी नेहमी पुस्तकी बोलणारा माणूस, आज घरच्यासारखा बोलला.
"ज्या मासिकात निबंध छापला, त्याले दुरुस्तीचं पत्र लिवू. त्याच्यात माहं एकट्याचंच नाव टाक."
म्हटलं, सर, तोच आकडा मीही वापरला.
"तू इचारलं तरी. मी सोताले इतक्या वर्षांत नाही इचारलं."
मग आईशी पापडांबद्दल बोलत बसले. चारच्या गाडीनं परत. थांबा म्हटलं, थांबले नाहीत. फार वाईट वाटलं.

१३ मे
पहिल्या दोन दीर्घिकांची उत्तरं आली. एक चक्क तरुण, धुळीआड धडाधड तारे घडवणारी. दुसरी खरंच म्हातारी, सरांच्या निबंधात आहे तश्शी.
सरांना फोन केला. म्हटलं, एक तुमच्या बाजूची, एक विरुद्ध.
"पयले म्हातारी सांग."
सांगितली. आकडे दोनदा विचारून घेतले. लिहून घेत असावेत.
"हं. आता दुसरी सांग," म्हणाले.
अजून नऊ बाकी.