काका मुंबईला असतो

बाबा, लेकीच्या डॉक्टरांनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य बाहेर पडलं. "घरात कुणाला मनाचा आजार होता का?" मी म्हणाले, "नाही. माझे काका होते, पण ते मुंबईला असायचे." विचारलं काय, सांगितलं काय. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या, आणि शेजारी बसलेली माझी सतरा वर्षांची लेकही.

तुम्ही ते माझ्याकडून घोटून घेतलं होतंत. धाकटा काका मिसरूड फुटल्यापासून गांजा ओढायचा. विशीही गाठली नव्हती, तेव्हा तो गोठ्यामागे नुसता बसून राहायला लागला. "सगळी माझ्यावरच बोलतायत," म्हणायचा. तुम्ही त्याला रत्नागिरीच्या इस्पितळात ठेवलंत आणि मला बजावलंत, "कोणी इचारलान तर सांगायचा, काका मुंबैला हाय." वाडीतले निम्मे पुरुष मुंबईलाच, त्यामुळे कुणी खोदून विचारलं नाही. तुम्ही मात्र आंबोळ्यांचा डबा घेऊन त्याला भेटायला जात राहिलात. तो घरी परत आलाच नाही.

आता माझी लेक. अकरावीला गेली आणि मैत्रिणींबरोबर आरे-वारेला जायला लागली. समुद्राची हवा खातेय, म्हणून मीही खूश. मग ती बोलता बोलता मधेच थांबायला लागली, काय सांगत होते तेच तिला आठवेना. पाठ असलेली गणिताची सूत्रं गेली. आणि एका दुपारी मी बांगडे साफ करतेय, ती ओट्याशी येऊन उभी राहते आणि म्हणते, "आई, वर्गात सगळे माझ्याबद्दलच बोलतात." काकाचंच वाक्य. हात न धुताच मी विचारलं, "आरे-वारेला काही ओढतेस का?" गांजाचं तिने तेव्हाच कबूल केलं. मी ओरडलेसुद्धा नाही, इतकी घाबरले होते.

डॉक्टरबाईंना मी शेवटी काकाचं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं केलंत. ओढणाऱ्या प्रत्येकाचं असं होत नाही, पण या वयात मेंदू अजून घडत असतो, विचार करणारा, आवर घालणारा भाग तर सगळ्यात उशिरा पक्का होतो. त्यात घरात असा आजार असेल तर धोका जास्त. तुम्ही कोवळ्या कलमांचा मोहोर खुडून टाकायचात, झाड आधी वाढू दे म्हणून, ते मला तिथे बसल्याबसल्या आठवलं. घरी येताना लेक एवढंच म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस?" तुमच्यावर राग आला, बाबा. मग तो डबा आठवला आणि राग ओसरला.

तिने सोडलं. सोपं गेलं नाही, चिडचिड झाली, झोप उडाली. पण हळूहळू ती भीती गेली, सूत्रंही बरीचशी परतली. परवा डॉक्टरबाई म्हणाल्या, आजाराचं काही लक्षण नाही, मात्र पुन्हा हात लावायचा नाही. बाहेर येऊन मी रिक्षा स्टँडवर ढसाढसा रडले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही, तेव्हा हे पत्र राहील माझ्याकडेच. पण एक सांगते. ती बाहेरून आली की ओढणीची घडी घालायच्या निमित्ताने मी अजून वास घेते. काल तिने पकडलंच.

"आई, हुंगून झालं असेल तर वाढ," म्हणाली.

मी वाढलं. आंबोळ्याच केल्या होत्या.