ओल्या तव्याचा डाग

तारोडी, उत्तन
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय रुबेन,

देवाच्या कृपेने तू, शर्लिन आणि क्रिस्टल मस्कतला बरे असाल. मीही बरी आहे. गुडघा दुखतो, पण काल कबरस्तानात चालत गेले, डॅडींच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. लेस्लीअंकलची सुट्टी संपली, तो मस्कतला परत निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू म्हणतोस, "मम्मी, मीटिंग आहे."

तू पाठवलेला पॉलिशवाला येऊन गेला. डॅडींनी स्वतःच्या हाताने केलेलं सागवानी टेबल आता सोललेल्या बटाट्यासारखं दिसतं.

मी त्याला सांगितलं होतं, फक्त डाग काढ. लोखंडाचा काळा डाग आहे, ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने जातो आणि लाकडाचा रंग राहतो. तो म्हणाला, "आंटी, साब ने पूरा व्हाइट बोला है. एकदम फॉरेन लुक." दोन बाटल्यांतलं रंग उडवायचं औषध त्याने एकावर एक फासलं. डाग गेला, त्याच्याबरोबर सागाचा रंगही गेला.

बाटलीवरचं मी वाचलं. डॅडींना इंग्लिश येत नव्हतं. त्यांच्या पॉलिशच्या डब्यांवरची अक्षरं जुळवतच मी ते शिकले. लिहिलं होतं, व्हिनेगरच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने, पूर्ण सुकू द्या, मगच वार्निश. मी म्हटलं, "भैया, दो-तीन दिन सूखने दो." तर म्हणे, "साब को शाम तक फोटो चाहिए." न धुता, ओल्यावरच वार्निश मारून, फोटो काढून तो गेला.

फोटोत चमकलं असेल. आठवड्यात वार्निश दुधासारखं धुरकट झालं. आता नख लावलं तरी पापुद्रे निघतात. आणि तू म्हणतोस, "वरून डार्क मारून घेऊ, डॅडींच्या वर्षाच्या मिस्सेच्या आधी होऊन जाईल." खबरदार! तो माणूस परत आला तर मी दार उघडणार नाही. भाईंदरचे सेठ घाई करून ओरडायचे, तरी लाकूड सुकेपर्यंत तुझ्या बापाने कधी ब्रश उचलला नाही. चाळीस वर्षं. त्याच्या मुलाला संध्याकाळपर्यंत फोटो पाहिजे!

डाग कसला, ते तू विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी मला ताप होता, म्हणून डॅडींनी भाकरी केली. तवा धुतला आणि ओलाच टेबलावर ठेवला. सकाळी बघते तर काळं कडं. मी भडकले. "लोकांची लाकडं चमकवलीस, आणि घरच्या टेबलावर ओला तवा?"

ते हसले. "चिडू नको गो. ऑक्झॅलिक लावतो, डाग जाईल. तुझा राग काय लावून काढू?"

मी हसले नाही. दोन दिवस बोललेही नाही. ताट पुढे सरकवायचे तेवढंच. तिसऱ्या दिवशी दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. शर्टाच्या खिशात ऑक्झॅलिकची पुडी होती.

डाग बघवत नाही, काढून टाक, असं मीच तुला म्हटलं होतं. ते खरं आहे. पण नंतर टेबल पुसताना हात त्याच जागी थांबायचा, आणि तिथे काहीच नसायचं.

लेस्लीच्या मदतीने टेबल उलटं करून ठेवलंय, पाय वर. खालची बाजू अजून तपकिरी आहे. चर्चमधल्या वर्षाच्या मिस्सेनंतर घरी येणारे लोक ताट मांडीवर घेऊन जेवतील. तू मात्र आठ दिवस आधी ये. वार्निश खरवडू, धुऊ आणि सुकेपर्यंत थांबू. डॅडींनी तुला हे लहानपणीच शिकवलंय. डाग परत येणार नाही, एवढं मला कळतं.

राग गेलेला नाही. पण रागात गप्प बसून काय होतं ते मी एकदा बघितलंय, म्हणून एवढं लिहिलं.

चिडलेली आणि वाट बघणारी,
तुझी मम्मी
फ्लोरिन