चुलीचे तीन दगड

५ फेब्रु. ९९, शुक्र.
झोरच्या कड्याखालची घळ. मोजणीचा चौथा हिवाळा. तिन्ही दगड जागच्या जागी, मी घातलेले पांढरे आकडे शाबूत. पारदर्शक प्लास्टिक ठेवून दगडफुलाच्या कडा गिरवल्या. गेल्या वर्षीच्या रेघेपुढे जेमतेम केसभर. मसाल्यातलं नव्हे हे. दगडाला चिकटलेली पिवळट खपली. नाशिकला कॉलेजात शिकवायचे तेव्हा ढुंकून पाहिलं नसतं. पण आखाती युद्धात तेलविहिरी जळल्याची काजळी अजून बाकीच्या दगडांवर आहे, आणि हिने त्यातून डोकं वर काढलंय.
सुधीर गाडीत पेपर वाचत. नवरा म्हणून एवढं पुष्कळ.

८ फेब्रु.
इथल्या मराठी मंडळाच्या पाटणकर वहिनींचा फोन. पिकनिकला स्वच्छ जागा हवी, तेलाचे डाग नसलेली. सु.ने परस्पर सांगितलेलं, "शुभाला विचारा." सांगितली घळ. वाट मळलेली, सुरुंगांची भीती नाही. दगडांचं बोलायचं सुचलं नाही. दगड कोण उचलणार?

१२ फेब्रु., शुक्र.
उशिरा पोचलो. चुलीवरचं पिठलं तयार! वर्षानुवर्षं गॅसवर जेवलेली माणसं चुलीशेजारी फोटो काढत होती. मी दोनदा वाढून घेतलं. धुराची चव काय सुरेख, असंही म्हणाले. मी!
मग वहिनींनी चुलीवर पाणी ओतलं. काजळी ओघळली. खाली पांढरा २.
"अगं, आकडे घातलेले बरोब्बर तीन! म्हटलं, शुभाने चुलीसाठीच निवडून ठेवले. पण बुरशी केवढी! तारेच्या घासणीने खसाखसा घासले. अन्नाचं काम, शी!"
शी म्हणे.
गाडीमागे जाऊन ओकले. तरी घशात धूर आहेच.

१३ फेब्रु.
उरलेलं पिठलं वहिनींनी डब्यात दिलेलं. फ्रिज उघडला की तोच वास. सु.ने गरम करून खाल्लं, वर बोटं चाटली. "वाळवंटात दगडांना काय तोटा? दुसरे तीन धर." इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा त्याच्या जेवण्याची किळस आली.
डबा रिकामा परत करू नये म्हणतात. मी रिकामाच देणार.

१९ फेब्रु., शुक्र.
सु. आपणहून म्हणाला, जाऊन येऊ. घळीत कागदी प्लेटी, कांद्याची सालं, कुणाचा तरी मोजा. आपलीच माणसं. १ आणि ३ तडकलेले, काळे ठिक्कर. २ च्या खाचेत घासणी पोचली नव्हती. तिथे नखाएवढी खपली. आच किती लागली कोण जाणे.
दगड होता तसा बसवला. पाणी शिंपडलं. जीव असेल तर हिरवट झाक येते. उकिडवी बसून राहिले. सु.ला हाक मारली. तो गुडघे टेकून वाकला, खूप वेळ पाहत राहिला.
"आलीय की गं हिरवी."
माझं रडं थांबवायला तो काहीही म्हणेल.
भिंग पर्समध्ये होतं. काढलं नाही.